‘खालसा’ म्हणजे मधे कुणी नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत आपण शिकलो की डलहौसीने संस्थाने ‘खालसा’ केली. परवा नांदेडला गुरुद्वाऱ्यात गेलात तेव्हा जो तो एकमेकांना ‘वाहेगुरूजी का खालसा’ म्हणत होता. हा शब्द एकच की वेगळा? खालसा म्हणजे शीखच ना? आणि 1699 साली आनंदपूरला नेमके काय झाले?

मी नांदेडचाच. शाळा मराठी, घरची बोली दखनी वळणाची. तीस वर्षांपूर्वी अमृत घेतले, म्हणजे खालशाची दीक्षा घेतली, आणि गेली बरीच वर्षे मराठवाड्यातल्या लहान गुरुद्वाऱ्यांत अमृत संचाराच्या वेळी ही दीक्षा देणाऱ्या पाचांपैकी एक म्हणून सेवा करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येईल: होय, शब्द एकच आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर खरी गोष्ट राहून जाईल. मराठी माणसाला खालसा समजायला फार लांब जावे लागत नाही, त्याच्या स्वतःच्या भाषेतच किल्ली पडलेली आहे.

जुन्या महसुली व्यवस्थेत गावे दोन तऱ्हांची असत. काही गावांचा सारा सरकारात न जाता कुणा इनामदाराकडे, जहागीरदाराकडे किंवा देवस्थानाकडे जाई. ती दुमाला गावे. पुणे जिल्ह्यात पिंपरी दुमाला यासारखी नावे आजही नांदतात. ज्या गावाचा सारा मधल्या कुणाकडे न थांबता थेट सरकारी खजिन्यात पडे, ते खालसा गाव. मोगलांच्या दरबारातही हाच अर्थ होता: बादशहाची स्वतःची, कुणाला तोडून न दिलेली जमीन ती खालिसा. म्हणून 1848 ला सातारा आणि 1854 ला नागपूर ‘खालसा’ झाले, म्हणजे मधला राजा गेला आणि मुलूख थेट कंपनीच्या हाताखाली आला. आपल्या मनात या शब्दाला हिरावून घेतल्याचा कडवटपणा चिकटला आहे, तो त्या इतिहासामुळे. शब्दाचा गाभा मात्र एवढाच आहे की मधे कुणी नाही.

मूळ अरबी. त्याच धातूचा ‘खालिस’ म्हणजे शुद्ध, भेसळ नसलेला. आपला ‘खुलासा’ आणि ‘खलास’ याच घरातले. आणखी एक जवळचा नातेवाईक आहे: ‘निखालस’. निखालस मनाचा माणूस म्हणजे आतबाहेर एक असलेला. गंमत अशी की दहावे गुरू गोविंदसिंगजी यांच्या एका सवैयात खालशाची व्याख्याच आली आहे आणि तिथे ‘नखालस’ हा शब्द नेमका उलट अर्थाने येतो: ‘पूरन जोत जगै घट मै, तब खालस ताहि नखालस जानै।’ ज्याच्या देहात पूर्ण ज्योत उजळली तो खालस, बाकीचा नखालस, म्हणजे अशुद्ध. त्याच सवैयाची सुरुवात सांगते की हा माणूस रात्रंदिवस त्या जागत्या ज्योतीचा जप करतो आणि एकाखेरीज दुसरे कुणी मनात आणत नाही. खालशाची व्याख्या करताना गुरूंनी आधी तलवारीचे नाव घेतलेले नाही, आधी मन मागितले आहे. लोक पगडी आणि कृपाण बघून खालसा म्हणजे लढवय्या एवढेच समजतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता ‘मधे कुणी नाही’ हे कुणाला उद्देशून होते? शीख संगती, म्हणजे गावोगावच्या शीख मंडळ्या, दूरदूर पसरल्या तेव्हा तिसरे गुरू अमरदासजींनी त्या सांभाळायला प्रदेशवार ‘मंजी’, म्हणजे उपदेशाच्या गाद्या, नेमल्या. पुढे त्याच कामासाठी मसंद आले. ते गुरूंच्या वतीने उपदेश करीत, नव्या माणसाला संगतीत घेत आणि दसवंध, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, गोळा करून गुरूंकडे पोचवीत. चौथ्या-पाचव्या गुरूंच्या काळी या व्यवस्थेने मोठे काम केले. पण दोन-तीन पिढ्यांत मसंदपद वंशपरंपरेने चालू लागले. काही मसंद स्वतःचेच पाय धुऊन पाजू लागले, दसवंध वाटेतच जिरू लागला, गरीब शिखाला छळू लागले. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर गुरूंची गावे दुमाला झाली होती.

गुरू गोविंदसिंगजींनी मसंद मोडून काढले. त्यांनी संगतींना पाठवलेले हुकुमनामे आजही जपून ठेवलेले आहेत. 1699 नंतरच्या हुकुमनाम्यांत ते सांगतात की तुम्ही माझा खालसा आहात, मसंदाला मानू नका, भेट घेऊन स्वतः माझ्याकडे या. सेनापती नावाचा गुरूंच्या दरबारातला कवी होता. खालशाच्या निर्मितीची अगदी सुरुवातीची हकीकत त्याच्या ‘श्री गुर सोभा’त आहे आणि तिथेही मसंदांना दूर करणे हाच मोठा मुद्दा आहे. मला स्वतःला खालशाचा पहिला अर्थ हाच वाटतो. शुद्धता त्याच्या पोटातच आली, कारण मधला गेला की भेसळही जाते.

शब्दसुद्धा 1699 साली नव्याने घडवलेला नव्हता. गुरू ग्रंथसाहिबात कबीरजींचे पद आहे: ‘कहु कबीर जन भए खालसे, प्रेम भगति जिह जानी।’ ज्यांनी प्रेमभक्ती जाणली ते खालसे झाले. म्हणजे मोकळे झाले, थेट त्याचे झाले. सहाव्या आणि नवव्या गुरूंच्या हुकुमनाम्यांतही एखाद्या संगतीला ‘गुरूचा खालसा’ म्हटलेले आढळते. तेव्हा त्या शब्दाचा रोख एका विशिष्ट संगतीकडे होता. 1699 नंतर तो साऱ्या पंथाचा झाला.

आणि तो होण्यामागे रक्त होते. 1606 साली लाहोरला पाचव्या गुरू अर्जनदेवजींचे बलिदान झाले. त्यांचे पुत्र हरगोविंदजींनी मिरी आणि पिरी, म्हणजे राजसत्ता आणि धर्मसत्ता, अशा दोन तलवारी कमरेला लावल्या आणि हरिमंदिरासमोर अकाल तख्त उभारले. 1675 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या चांदनी चौकात नवव्या गुरू तेगबहादूरजींचे शिर उतरवले गेले. ते शिर जिवावर उदार होऊन आनंदपूरला नेले भाई जैता यांनी. जन्माने ते रंगरेटा, म्हणजे ज्यांची सावलीही लोक टाळत त्या समाजातले. तेगबहादूरजींचे नऊ वर्षांचे पुत्र गोविंदराय, म्हणजे पुढचे गुरू गोविंदसिंगजी, यांनी त्यांना छातीशी धरले आणि म्हणाले, ‘रंगरेटे गुरू के बेटे’. धड उचलले लखीशाह वंजारा यांनी आणि त्याला अग्नी देता यावा म्हणून आपले राहते घरच पेटवून दिले. आमच्या भागातल्या बंजारा तांड्यांवर ही गोष्ट आजही घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगतात.

परंपरा असेही सांगते की त्या दिवशी दिल्लीत शीख कमी नव्हते, पण आपण शीख आहोत हे ओळखू येऊ न देता ते गर्दीत मिसळून राहिले. ते ऐकून बालगुरूंच्या मनात आले की माझा शीख हजारांत उभा राहिला तरी ओळखू यावा. त्या विचाराला आकार यायला चोवीस वर्षे लागली.

1699 ची वैशाखी. त्या काळच्या युरोपीय पंचांगाने बहुतेक ग्रंथ 30 मार्च ही तारीख देतात. पंचांगे बदलली, आता वैशाखी 13 किंवा 14 एप्रिलला येते. शिवालिकच्या पायथ्याशी आनंदपूरला, जिथे आज केसगढसाहिब आहे तिथे, दूरदूरच्या संगती जमल्या होत्या. गुरू उघडी तलवार घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, मला एक शिर हवे. कुणी बोलेना. तिसऱ्या हाकेला लाहोरचे दयाराम उठले. गुरू त्यांना तंबूत घेऊन गेले. परतले तेव्हा तलवारीवरून रक्त ओघळत होते. पुन्हा हाक: आणखी एक शिर.

ही हकीकत इतक्या तपशिलाने नंतरच्या ग्रंथांत येते आणि तंबूच्या आत काय झाले याविषयी सांगणारे वेगवेगळे सांगतात. कुणी म्हणते बोकड कापले, कुणी म्हणते खरीच शिरे उतरली आणि गुरूंनी त्यांना पुन्हा उठवले. मी त्या वादात पडत नाही. मला दरवेळी थांबावेसे वाटते ते दुसऱ्या माणसापाशी. दयाराम उठले तेव्हा रक्त कुणी पाहिलेले नव्हते, परीक्षा असेल असे मनात म्हणायला जागा होती. हस्तिनापूरचे धरमदास उठले ते रक्त पाहून उठले. लोक पळू लागले होते, काही जण गुरूंच्या माताजींकडे गाऱ्हाणे घेऊन गेले होते, आणि हा जाट शेतकरी हात जोडून पुढे आला. मग जगन्नाथपुरीचे हिंमतराय आले, जातीने झीवर, पाणी भरणारे. मग द्वारकेचे मोहकमचंद, छींबा म्हणजे कापड छापणारे-शिवणारे. शेवटी बिदरचे साहिबचंद, न्हावी. हेच पाच प्यारे.

बिदर आमच्यापासून किती दूर? उदगीर ओलांडले की आलेच. आज ते कर्नाटकात आहे. गुरू नानकदेवजींच्या चरणस्पर्शाचा झिरा तिथे आहे आणि मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे नांदेडहून परतताना तिथे जातात. पहिल्या पाचांतला पाचवा माणूस या दख्खनच्या मातीतला होता हे नांदेडच्या शाळेत मला कुणी सांगितले नव्हते. आणि मोहकमचंदांचा छींबा समाज पंजाबात आपले नाते सांगतो ते नामदेवांशी. शिंपी घरातल्या आपल्या नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांच्या नावाचे स्थान आहे. 2015 साली मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. खालशाच्या जन्माआधीच पंढरपूरचा धागा त्या कापडात विणला गेला होता.

शिर मागणे हीदेखील त्या दिवशीची नवी गोष्ट नव्हती. पहिल्या गुरूंनी, नानकदेवजींनी, दीडशे-दोनशे वर्षे आधी लिहून ठेवले होते: ‘जउ तउ प्रेम खेलण का चाउ, सिर धर तली गली मेरी आउ।’ प्रेमाचा खेळ खेळायची हौस असेल तर शिर तळहातावर घेऊन माझ्या गल्लीत ये. दहाव्या गुरूंनी तीच ओळ उघड्या मैदानात उच्चारली एवढेच.

पाचही जण नवे कपडे घालून तंबूबाहेर आले आणि मग झाले ते खरे नवे. त्यापूर्वी संगतीत येणाऱ्याला चरण पाहुल मिळे, म्हणजे गुरूंच्या अंगठ्याचा स्पर्श झालेले पाणी. गुरू नसले तर मसंद ते देत आणि तिथेच पाणी नासले होते. गुरूंनी पाय काढून घेतला. लोखंडी बाट्यात, म्हणजे कटोऱ्यात, साधे पाणी घेतले. दुधारी खंड्याने ते ढवळत बाणी, म्हणजे गुरूंची पदे, म्हटली. परंपरा सांगते की गुरूंच्या पत्नी माता जीतोजींनी येऊन त्यात पतासे टाकले. पायाची जागा पोलादाने आणि बाणीने घेतली. खंड्याची ही पाहुल, हेच अमृत.

आज अमृत संचार कसा होतो ते सांगतो, कारण इतिहासापेक्षा ते पाहूनच मला खालसा कळला. गुरू ग्रंथसाहिबांचा प्रकाश असतो, म्हणजे ग्रंथ उघडून मांडलेला असतो, तिथे एक जण बसतो आणि पाच अमृतधारी सेवेला. अमृत घेणारे केसांवरून आंघोळ करून, पाचही ककार, म्हणजे खालशाच्या पाच खुणा, धारण करून समोर उभे राहतात. वय समजण्याइतके हवे. जात, देश, स्त्री-पुरुष यांतले काही विचारले जात नाही. पाच जण बाट्याभोवती वीरासनात बसतात: उजवा गुडघा जमिनीला टेकलेला, डावा वर. एक जण खंडा फिरवतो, बाकीच्यांचे हात बाट्याच्या कडेवर, नजर पाण्यात. जपजी, जाप, सवैये, चौपाई, आनंदसाहिब या पाच बाण्या एकामागून एक. तासभर लागतो. सुरुवातीला पतासे कडकड वाजतात, मग विरतात. खंडा लोखंडाच्या तळाला घासत राहतो आणि थोड्या वेळाने तो आवाज बाणीच्या लयीत मिसळून जातो. मांडी भरून येते, पण कुणी हलत नाही.

काही वर्षांपूर्वी परभणीकडच्या एका शिकलकरी वस्तीवर आम्ही गेलो होतो. शिकलकरी म्हणजे विळे, खुरपी, कढया घडवणारे लोक. गुरूंच्या फौजेची शस्त्रे आपल्या पूर्वजांनी घासली असे ते अभिमानाने सांगतात. रांगेत सत्तरी ओलांडलेले एक बाबा बसले होते. त्यांच्या शेजारी एक मुलगी, शहरात बँकेत नोकरी करणारी, शिकलेल्या घरातली. पाच ओंजळी अमृत प्यायचे असते, पाच वेळा ते डोळ्यांवर शिंपडतात, पाच वेळा केसांत. दर वेळी देणारा म्हणतो, ‘बोल, वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह’, आणि घेणारा तेच परत म्हणतो. बाबांचे तळवे इतके भाजलेले आणि घट्टे पडलेले होते की ओंजळ नीट मिटत नव्हती, अमृत बोटांतून गळत होते. मी हळू ओतत होतो. मग उरलेले अमृत त्याच बाट्यातून सगळ्यांनी आळीपाळीने तोंड लावून प्यायचे. बाबांनी तोंड लावले आणि बाटा त्या मुलीकडे दिला. तिने दोन्ही हातांनी तो धरला आणि प्यायली.

उष्टे हा शब्द आपल्या घरांत किती जड आहे हे मराठी माणसाला सांगायला नको. कुणाचे उष्टे कुणी खायचे, कुणाच्या हातचे पाणी कुणाला चालते, यावर आपली सगळी उतरंड उभी होती. 1699 साली खत्री, जाट, झीवर, छींबा आणि न्हावी यांनी एका कटोऱ्याला तोंड लावले. त्या काळी हे काय होते याची कल्पना करायची असेल तर आपल्या पणजोबांच्या गावातली पाणवठ्याची जागा आठवा.

सगळे आटोपल्यावर ते बाबा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘बाट्याचा आवाज ऐकत होतो, भाईजी. लोखंड चोख आहे.’ आयुष्यभर लोखंड ठोकलेल्या माणसाचे ते कान. आम्ही त्याला सरबलोह म्हणतो, म्हणजे कशाचीही भेसळ नसलेले लोखंड. त्यांनी ‘चोख’ म्हटले. खालिस या शब्दाला इतका नेमका मराठी प्रतिशब्द मला कुठल्या पुस्तकात मिळाला नव्हता.

आता त्या वैशाखीचा उरलेला भाग, जो मला सगळ्यात मोठा वाटतो. पाचांना अमृत दिल्यावर गुरू स्वतः त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, आता तुम्ही मला द्या. गोविंदराय त्या पाचांच्या हातून अमृत घेऊन गोविंदसिंग झाले. ‘वाहु वाहु गोबिंदसिंघ, आपे गुर चेला।’ आपणच गुरू, आपणच चेला. मसंद मोडून मधला माणूस काढला हे समजते. पण इथे तर गुरूंनी स्वतःचा वरचा चौथराही सोडला.

आणि हे एका दिवसापुरते नव्हते. 1704 च्या हिवाळ्यात आनंदपूर सोडावे लागल्यावर चमकौरच्या मातीच्या गढीत मूठभर शीख वेढ्यात सापडले. गुरूंचे दोन मोठे पुत्र, अजितसिंग आणि जुझारसिंग, लढता लढता तिथेच पडले. पहिल्या पाचांपैकी हिंमतसिंग, मोहकमसिंग, साहिबसिंग तिथेच कामी आले. गुरूंनाही तिथेच मरायचे होते. तेव्हा उरलेल्यांतल्या पाच शिखांनी एकत्र येऊन हुकूम दिला की आपण गढी सोडावी, पंथाला आपली गरज आहे. गुरूंनी हुकूम मानला. पुढे दक्षिणेकडे येताना राजस्थानात नारायण्याला संत दादूंच्या समाधीपुढे गुरूंनी बाण टेकवून नमस्कार केला. शिखांनी लगेच हरकत घेतली, कारण समाधीपूजा आपल्या शिकवणीत बसत नाही. गुरू प्रसन्न झाले, म्हणाले मी तुमचीच परीक्षा घेत होतो, आणि संगतीने ठोठावलेला दंड भरला. आजही अमृतधारीकडून चूक झाली तर तो पाचांपुढे उभा राहतो आणि सांगितलेली सेवा करतो. तिला आम्ही तनखाह म्हणतो. मीही एकदा उभा राहिलो आहे. महिनाभर जोड्यांची, म्हणजे संगतीच्या चपला-बुटांची, सेवा केली. पाच जण सांगतात तेव्हा ते कोण कुठले हे मनात येत नाही.

पाच ककार तुम्हाला माहीत असतील: केस, कंगवा, कडे, कृपाण, कछेरा. मोठ्या चुका चार धरतात: केस कापणे, कुठा म्हणजे हलाल पद्धतीचे मांस, व्यभिचार आणि तंबाखू. ही शिस्त वेळोवेळी वेगवेगळ्या रहितनाम्यांत लिहिली गेली. 1945 साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने मंजूर केलेली रहित मर्यादा आज बहुतेक ठिकाणी चालते. नांदेडच्या हजूरसाहिबच्या काही जुन्या रीती वेगळ्या आहेत. तिथे दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो, संध्याकाळी दिव्यांची आरती होते, रोज पहाटे गोदावरीतून घागर भरून आणतात. नांदेडला तुम्ही पाहिलेत आणि अमृतसरला दिसणार नाही, असे बरेच काही आहे. दोन्हीकडे बाटा मात्र तोच.

मग सगळे शीख खालसा असतात का? नाही. याची उकल वारकऱ्यांवरून सहज होते. वारकऱ्याच्या घरी जन्मलेले मूल अभंग ऐकतच वाढते, वारीलाही जाते. पण माळ घालतो तो वेगळा. माळ घातली की एकादशी आली, मांसाहार सुटला, वागण्याला एक बंधन आले. तसे गुरूंना मानणारा, बाणी वाचणारा पण केस न राखणारा तो सहजधारी. केस राखलेला पण अमृत न घेतलेला तो केसधारी. अमृत घेतलेला तो अमृतधारी, आणि काटेकोर अर्थाने खालसा तो. तुमचा केस कापणारा शीख मित्र शीख नाही असे कुणी म्हटले तर मला ते पटत नाही. तो वाटेवर आहे. ‘सहज’ या शब्दात हळूहळू चालत येणे आहेच. पण ‘मी शीख घरात जन्मलो म्हणून आपोआप खालसा’ हेही खरे नाही. खालसा जन्माने होता येत नाही. माझी मुले अमृत घेईपर्यंत खालसा नव्हती आणि मी त्यांच्यावर सक्ती केली नाही.

परंपरा अमृताच्या वेळच्या उपदेशाला पाच ‘नाश’ म्हणते: पूर्वीचे धर्मसंस्कार, कर्मकांड, कुळ, भ्रम आणि धंद्याचा शिक्का, हे सगळे त्या बाट्यात बुडाले. म्हणूनच अमृतधारीला सांगतात की आजपासून तुझा पिता गुरू गोविंदसिंग, माता साहिबकौर, जन्म केसगढसाहिबचा, वस्ती आनंदपूरची. माझ्या घरच्या कागदांवर नांदेड आहे, पण पाचांनी सांगितलेला पत्ता हा आहे. इथे एक गोष्ट मनाला टोचते ती लपवत नाही. जात आमच्यातही पुरती मेलेली नाही. लग्ने ठरवताना ती विचारतात, पंजाबात काही खेड्यांत स्मशानेसुद्धा वेगळी आहेत. एकाच बाट्याचे पाणी प्यायलेल्या माणसाने असे वागणे हा त्या बाट्याचा अपमान आहे, आणि मी उपदेशाला उभा राहतो तेव्हा हे बोलल्याशिवाय बसत नाही.

गुरूंनंतर ‘खालसा’ शब्दाला राजकीय अर्थही आला. अठराव्या शतकात सगळ्या जथ्यांची अकाल तख्तापुढे सभा भरे ती सरबत खालसा. तिथला ठराव गुरमत्ता, तो गुरूंचाच हुकूम मानला जाई. महाराजा रणजितसिंग आपल्या राज्याला स्वतःचे नाव देत नसत, ‘सरकार-ए-खालसा’ म्हणत. नांदेडचे आजचे तख्तसाहिब बांधले तेही त्यांच्याच मदतीने, 1832 ते 1837 या काळात. 1849 साली डलहौसीने पंजाब गिळला. सातारा आदल्याच वर्षी गेले होते. आपल्या मराठी पुस्तकात वाक्य येते, ‘खालशांचे राज्य खालसा झाले’. एकाच वाक्यात तो शब्द दोन टोकांना उभा आहे: एकीकडे अकालपुरुषाखेरीज, म्हणजे परमेश्वराखेरीज, कुणालाही धनी न मानणारे लोक, दुसरीकडे त्यांच्यावर बसवलेला परका धनी. तुम्हाला शब्दाचा घोळ वाटला तो इथला.

अभिवादनाचे व्याकरणही एकदा नीट पाहा. ‘वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह.’ खालसा वाहेगुरूंचा, विजयही वाहेगुरूंचाच. यात ‘माझा’ कुठेच नाही. मसंदाचा नाही, राजाचा नाही, पाच प्याऱ्यांचाही नाही. गुरूंनी तर आपल्या शिखांबद्दल लिहून ठेवले आहे, ‘इन ही की क्रिपा के सजे हम हैं, नही मो सो गरीब करोर परे।’ यांच्याच कृपेने मला शोभा आली, नाही तर माझ्यासारखे गरीब करोडो पडले आहेत.

1708 साली गुरू नांदेडला आले. इथेच गोदाकाठी माधोदास बैराग्याचा बंदासिंग बहादूर झाला आणि पंजाबकडे निघाला. इथेच 7 ऑक्टोबर 1708 ला गुरू ज्योतीजोत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला. देहधारी गुरू यापुढे नाही असे त्यांनी सांगितले: बाणी ग्रंथात आहे, देह खालशात आहे. मधले शेवटचे माणूस तेवढे उरले होते, ते गुरू स्वतः. तेही बाजूला झाले.

पुढच्या वेळी याल तेव्हा तख्तसाहिबचे दर्शन झाल्यावर एका जागी नक्की जा. चमकौरमधून वाचलेले दयासिंग आणि धरमसिंग गुरूंचे ‘जफरनामा’ हे फारसी पत्र घेऊन औरंगजेबाकडे आले, तो तेव्हा आपल्या नगरला तळ देऊन होता. पंजाब ते नगर, शत्रूच्या मुलुखातून, वेष बदलून. पुढे ते नांदेडपर्यंत गुरूंच्या सोबतीला होते आणि त्यांचा देहही इथेच पडला. दोघांचा अंगीठा, म्हणजे जिथे त्यांना अग्नी दिला ती जागा, नांदेडलाच आहे. एक रक्त न पाहता उठला होता, दुसरा पाहून.